ज्वारी अडते, बुंदी सरकते

सन एकोणीसशे शहात्तर. माझं वय चौतीस. शाळा दुसरीपर्यंत, ती दुसरीही अर्धीच, कारण गुरुजींनी छडी उगारली आणि मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. तवा सेनगाव, हिंगोली सगळं परभणी जिल्ह्यातच होतं. आमच्या गावात इंजनावर चालणारी पिठाची चक्की एकच, ती माझी. आणि कानाला टेकणारी मिशी एकच, ती पण माझीच. हे आधी सांगून ठेवतो, कारण लिंबाजीमामाची आणि माझी गाठ पडली ती चक्कीमुळं, आणि पुढं जे रामायण झालं ते मिशीमुळं.

मामा सेनगावच्या बाजारात पत्र्याचं काम करायचे. धान्य साठवायच्या कोठ्या करायचे. माणसाएवढा उंच गोल पिंप, वर झाकण, तळाशी एक लहान खिडकी, आणि त्या खिडकीला वरखाली सरकणारी पट्टी. बाईनं खाली टोपलं धरायचं, पट्टी उचलायची, ज्वारी आपोआप टोपल्यात. मामाच्या कोठ्या आमच्या पंचक्रोशीत घरोघर होत्या. बारीक अंगाचा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला रुमाल, आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत दाणे. एका खिशात ज्वारी, मूग, तीळ. दुसऱ्यात हरभरा, मका, तूर. चालताना खुळखुळा वाजल्यासारखा आवाज यायचा. लेकरं त्या आवाजावरून सांगायची, मामा आले.

पहिल्यांदा ते माझ्या चक्कीवर आले तवा मी मोगरीनं चाडं बडवत होतो. चाडं म्हणजे चक्कीच्या डोक्यावरचा पत्र्याचा डबा, वर रुंद, खाली निमुळता, त्यातनं दाणा जात्यात पडतो. हरभरा दळायला होता आणि तो अडकला होता. अडकला की मोगरीनं हाणायचं, ही माझी रीत. माझ्या बापाचीही तीच रीत होती, बैलाच्या बाबतीत.

मामा दारात उभे राहिले. म्हणाले, "काहून मारून राहिले तिला? तिनं काय केलं?"

मी म्हटलं, कोण तुम्ही, आणि तुम्हाला काय तकलीफ? त्यांनी चाड्याला कान लावला. डॉक्टर लेकराच्या छातीला लावतो तसा. डोळे मिटले. दळणाला आलेल्या बाया टोपली डोक्यावर ठेवून बघत राहिल्या. मग डोळे उघडून मामा म्हणाले, आत दाण्यांनी कमान धरलीय. दारापाशी चार दाणे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिलेत, आणि वरचा सगळा ढीग त्यांच्या डोक्यावर आहे. तुम्ही जितकं बडवाल तितके ते एकमेकाला घट्ट धरतील. एवढं सांगून त्यांनी कोपऱ्यातली एक तुराटी उचलली, खालून आत घातली, एकाच दाण्याला जरा धक्का दिला. सगळा हरभरा धो धो खाली.

आता खरं सांगायचं तर मोगरीनं पण सुटतं. दहात सहा वेळा सुटतं. हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. मामाचं म्हणणं, उरलेल्या चार वेळा पत्र्याला पोचे पडतात, आणि पुढच्या खेपेला दाणा त्या पोच्यातच अडतो. माझ्या चाड्याला किती पोचे आहेत ते त्यांनी बायांच्या समोर मोठ्यानं मोजलं. तिथनं आमचं वैर सुरू झालं, आणि मामा दर आठवड्याला माझ्याकडं चहाला यायला लागले.

दाण्याचं दार किती मोठं ठेवायचं हे मामा मोजपट्टीनं ठरवायचे नाहीत. गिऱ्हाइकाला विचारायचे, काय भरणार? ज्वारी म्हटलं की खिशातनं पाच-सहा दाणे काढून पत्र्यावर ओळीत मांडायचे आणि तेवढी खिडकी कापायचे. म्हणायचे, "दारात पाच जण हातात हात धरून मावले तर कोणी अडत न्हाई. चारच मावले तर आज न्हाई उद्या कमान धरणार. ते दाण्याचं पण तसंच, माणसाचं पण तसंच."

माणसाचं पण तसंच, हे त्यांचं पालुपद होतं. कोणाची ओळख करून दिली तरी मामा त्याला आधी दाण्यात बसवायचे. तलाठी म्हणजे तीळ, कुठूनही निसटतो. आमचे पाटील म्हणजे मका, पोतं भरलं तरी मध्ये पोकळ. माझी बायको गंगा, तिला म्हणाले तू मूग, गुळगुळीत, तुझ्याशी भांडण टिकत न्हाई. ती खूश. मी विचारलं, मी कोण? मामा म्हणाले, "तुम्ही हरभरा. तोही न भिजवलेला."

गंगा त्यावर इतकी हसली की भाकर करपली. तो दिवस मी विसरलो नाही.

सेनगावच्या एसटीचा किस्सा मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून सांगतो. बाजाराचा दिवस, मी आणि मामा आमच्या गावाकडं निघालेलो, गाडी एकच, माणसं दोन गाड्यांची. गाडी थांबली तशी सगळी माणसं दाराला भिडली. पुढचे चौघं दारातच अडकले, कोणाचा खांदा कोणाच्या काखेत, मागचे रेटून राहिले, आणि आत एकही माणूस जाईना. कंडक्टर शिट्टी फुंकून थकला. मामा म्हणाले, बघा, कमान धरली. आणि गर्दीत घुसून दाराच्या समोर, दोन हात अंतरावर, खांबासारखे उभे राहिले. पाय रोवून. लोकांनी त्यांना काय काय शिव्या दिल्या त्या मी सांगत नाही. पण खरं सांगतो, मागून येणारा रेटा त्यांच्या अंगावर फुटायला लागला, माणसं डावीउजवीकडनं एकेक करून सुटी झाली, आणि गाडी भराभर भरली. शेवटचा माणूस चढला, कंडक्टरनं दार ओढलं, गाडी गेली. मामा खांब होते, ते खालीच राहिले. मीही त्यांच्या नादानं खाली राहिलो. सात-आठ मैल दोघं चालत आलो. मी वाटभर तोंड वाजवत होतो आणि मामा म्हणत होते, "पण भरली कशी बघा, किसनराव. एक माणूस आडवा उभा राहिला आन भरली."

आता मिशीचं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, माझा बाप ओट्यावर बसला होता, मामा चहा पीत होते. शाळेचे मास्तर दळण न्यायला आले होते. बोलता बोलता मी म्हटलं, कोठी गच्च भरलेली असली की ज्वारी जोरात येते आणि तळाला गेली की हळू येते. ही गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. पाण्याची टाकी भरलेली असली की तोटीला जोर असतो, तसंच. मामांनी कप खाली ठेवला. म्हणाले, पाण्याला उंची कळते, ज्वारीला कळत नाही. ज्वारी डोक्याएवढी भरा, गुडघ्याएवढी भरा, खिडकीतनं येईल ती सारखीच.

मी म्हटलं, खोटं. मामा म्हणाले, पैज. आणि मी, माझ्या तोंडाला खीळ नव्हती, बोलून बसलो की हरलो तर मिशी उतरवीन. मामा म्हणाले, मी हरलो तर गावासमोर माझ्याच कोठीला मोगरीनं हाणीन. त्या माणसासाठी हे किती मोठं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, स्वस्तात सुटला.

ओट्यावरनं बाप म्हणाला, "अरे, मी जिता हाय."

आमच्याकडं मिशी एकदाच उतरते, बाप वारल्यावर. त्यामुळं त्याचं म्हणणं बराबर होतं. पण शब्द गेला होता.

मामांची एक कोठी आणून काठोकाठ भरली. मास्तरांनी हातातलं घड्याळ काढलं. पट्टी उचलली, एक पायली भरेपर्यंत काटा कुठं जातो ते त्यांनी बघितलं. मग कोठी गुडघ्यापर्यंत रिकामी केली, परत पायली भरली. काटा त्याच जागी. मी म्हटलं, घड्याळ बिघडलंय. परत केलं. त्याच जागी. मी म्हटलं, मास्तर मामांच्या घरी जेवतात, त्यांचं घड्याळ पण तिथंच जेवत असंल. मास्तर रागावले. तिसऱ्यांदा मी पट्टी स्वतः उचलली आणि काट्यावर स्वतः डोळा ठेवला. काटा मुकाट्यानं तिथंच गेला.

गंगा दारातनं म्हणाली, न्हाव्याला सांगावा धाडू का?

मी छाती काढून म्हटलं, मिशी देईन असं म्हणालो होतो, कवा देईन ते म्हणालो नव्हतो. मला वाटलं, मामा भांडतील. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे पण बराबर. मुदत ठरली नव्हती."

भांडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मामा भेटले की मला आधी राम राम न करता मिशीला करायचे. म्हणायचे, तेल लावत जा किसनराव, माझी हाय ती. बाजारात चारचौघांत थांबवून तिची चौकशी करायचे. एकदा मला ताप आला तर त्यांनी माझ्या बापाला निरोप धाडला की मिशीची काळजी घ्या. गावातली लेकरं मी दिसलो की म्हणायची, मामाची मिशी चालली. वर्षभर मी दुसऱ्याची वस्तू तोंडावर घेऊन फिरत होतो.

मग सप्त्याचा भंडारा आला. भंडाऱ्याला बुंदी असायची, आणि बुंदीवरनं दर साली भांडण व्हायचं. कारण एकच, वाढप्याचा हात. समोर मेहुणा बसला की मूठ उघडते, भाऊबंद बसला की मूठ आवळते. आदल्या साली तर एकानं आपल्या साडूच्या पत्रावळीवर अशी बुंदी लोटली की दोन घरांतलं येणंजाणं बंद झालं होतं. मामा पाटलांकडं गेले आणि म्हणाले, यंदा बुंदी माझी कोठी वाढील. कोठी नातं ओळखत नाही.

पाटलांना ते पटलं. मामांनी कमरेएवढी नवी कोठी केली, चकचकीत. दोन बांबूंवर बांधून दोघांनी पालखीसारखी धरायची, तिसऱ्यानं पट्टी ओढून एक, दोन म्हणायचं आणि सोडून द्यायची. माझ्याच चक्कीच्या अंगणात तालीम झाली. ज्वारी भरून. एक, दोन, बंद. खाली गंगानं वाटी धरलेली. वाटी काठोकाठ. परत एक, दोन, बंद; परत काठोकाठ. कोठीच्या तळापर्यंत एकही वाटी कमी नाही की जास्त नाही. गंगा सांगते, एक दाणा इकडं तिकडं झाला नाही.

मी बघत होतो आणि आतून जळत होतो. मामा म्हणाले, "किसनराव, भंडारा झाला की मी वारंगा फाट्याला चाललो. जावयाचं दुकान हाय तिथं, ट्रकचं पत्र्याचं काम लई येतं. जाण्याआधी हिशेब मिटवू. पहिल्या पत्रावळीला आन शेवटच्या पत्रावळीला बुंदी सारखी पडली, तर दुसऱ्या दिवशी मिशी उतरवायची. मुदत ठरली. न्हाई पडली, तर मागची पैज पण माफ, आन मोगरी माझ्या हातात."

मी ताबडतोब हो म्हटलं. मला काही कळलं होतं असं नाही. नुसतं या माणसाला एकदा तरी चुकलेलं बघायचं होतं.

भंडाऱ्याच्या दिवशी मी मुद्दाम पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसलो. मोगरी पंच्यात गुंडाळून मांडीखाली. सकाळपासून कढया चढलेल्या, पाकातली ताजी बुंदी, तुपानं न्हालेली, हातात धरली तर सुळ्ळकन निसटणारी. ती वरपर्यंत भरली. पालखी निघाली. पहिली पत्रावळ पाटलांची. पट्टी ओढली, आणि एक म्हणायच्या आतच बुंदीचा लोंढा आला. पत्रावळ बुडाली, वरण बुडालं, बुंदी पाटलांच्या मांडीत गेली. पाटील म्हणाले, राहू द्या, देवाची इच्छा. दुसऱ्या-तिसऱ्यालाही तसंच, फक्त मांडी वाचली. त्या टोकाची सगळी माणसं मामांचा जयजयकार करायला लागली. असा कारागीर तालुक्यात नाही म्हणाली.

पंगतीच्या मध्यावर बुंदी बेताची पडायला लागली. तिथले लोक जेवत राहिले. त्याच्या पुढं मूठभर, मग चिमूटभर. एक, दोन म्हणून झालं तरी खिडकीतनं चार दाणे यायचे, थांबायचे, विचार करून अजून दोन यायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मामा, ही बुंदी वाढली का नुसती दाखवली? माझ्यापाशी कोठी आली तवा माझ्या पत्रावळीवर अडीच दाणे पडले. मी मोजले. दोन आख्खे आणि एक अर्धा. मग खिडकी बंदच पडली.

त्या टोकाला आता कोण गप्प बसतो! पहिल्या टोकाची माणसं हात चाटत होती आणि आमची शिव्या देत होती. मी उठलो, पंच्यातनं मोगरी काढली, मामांच्या पुढं धरली. सगळी पंगत बघायला लागली.

मामा माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी माझ्या पत्रावळीवरचा एक दाणा उचलला, चिमटीत धरला, दाबला. सोडला. परत दाबला. मग खिशातनं हरभरा काढला, दुसऱ्या चिमटीत धरला, दाबला. आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, भूक लागल्यानं चक्कर आली असंल.

"किसनराव," ते म्हणाले, "ही मऊ हाय. हरभरा वरचं ओझं भिंतीवर ढकलून देतो, म्हणून त्याला उंची कळत न्हाई. ही बिचारी ओझं अंगावर घेती, चपटी होती, आन सरकती. ओझं कमी झालं की तिचा जोर गेला. मी इतकी सालं अर्धंच सांगत फिरलो."

मी म्हटलं, ते असू द्या, मोगरी घ्या.

आता इथं दुसरा कोणी असता, मी असतो, तर म्हणालो असतो की पैज ज्वारीची होती, बुंदी फारच ताजी होती, पालखी धरणारे हलत होते, पाटलांनी आधीच जास्त ओढली. मी निदान सात सबबी सांगितल्या असत्या. मामांनी मोगरी घेतली. रुमाल काढून खांद्यावर टाकला. कोठीवर हात ठेवून तिच्याशी हळू काहीतरी बोलले, काय ते मला ऐकू आलं नाही. आणि सगळ्या गावासमोर, ज्या माणसानं आयुष्यात तयार कोठीला बोट जोरात लावलं नव्हतं, त्यानं एक हाणली. ठण्ण. नव्या कोठीला नारळाएवढा पोचा पडला.

आणि आत अडकलेली सगळी बुंदी एकच गोळा होऊन माझ्या पत्रावळीवर आदळली.

गाव किती हसलं ते काय सांगू. माझा बाप हसता हसता आडवा झाला. कोणी ओरडलं, किसनरावाची मोगरीच खरी! मी पण मिशीला पीळ भरला. जिंकलो होतो. ती बुंदी मी सगळी खाल्ली, कोणाला देऊ केली नाही. पण दर घासाला तो ठण्ण कानात वाजत होता.

दिवस कलताना मामा सायकलवर निघाले. मागं कॅरेजला ती पोचा पडलेली कोठी बांधलेली. चक्कीपाशी थांबले, पाय टेकला. म्हणाले, मिशी आता तुमची, मी मोकळा. गंगाला म्हणाले, येतो मूगबाई. माझ्या बापाला राम राम घातला. माझ्या मिशीला नाही घातला. वर्षात पहिल्यांदा नाही घातला.

मी त्यांना रस्त्याच्या वळणापर्यंत बघत होतो. एका हातानं सायकल चालवत होते. दुसरा हात वर धरलेला, डोळ्यासमोर, चिमटीत बुंदीचा दाणा. दाबायचे, सोडायचे, दाबायचे. समोरनं बैलगाडी आली तर त्यांना दिसली नाही, गाडीवान ओरडला, मामा रस्त्याच्या कडेला उतरले, आणि तिथनंही चिमटी तशीच धरून पुढं गेले. कोठी खुळखुळत होती. आत काहीतरी राहिलं असणार. वारंगा फाट्याला मी नंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा ते कुठल्या ना कुठल्या गावी कोठी बसवायला गेलेले. त्यामुळं ते मला शेवटचे दिसले ते असेच, पाठमोरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी पारावर पाणी तापवत होता, तवाच मी त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि मिशीवर बोट ठेवलं. त्यानं वस्तरा खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली, आमच्या घराकडं बघितलं आणि दबल्या आवाजात विचारलं, "म्हातारबा कवा गेले?"

मी म्हटलं, "म्हातारबा घरी भाकर खाऊन राहिले. तू चालव."